चुनखडकावरची वीतभर माती

शहाबादी फरशी आपल्यापैकी अनेकांच्या जुन्या घरांत होती. काहींच्या घरात अजूनही असेल. भीमेच्या खोऱ्यातला हा चुनखडक. बेळगावहून पूर्वेला लोकापूर-बागलकोटकडे गेले तरी असाच खडक लागतो आणि त्या बाजूचे सिमेंटचे कारखाने त्याच्याच जोरावर उभे आहेत. घरात पायाला गार लागणारा हा दगड डोंगरउतारावर असतो, त्यावर जेमतेम वीतभर खडीमिश्रित माती असते आणि त्या मातीवरच्या गवतावर गुरे-मेंढरे जगवायची असतात, तेव्हा काय घडते, हा आजचा विषय आहे.

उदाहरण दूरचे, टेक्सासमधले घेतो. ऑस्टिन आणि सॅन अँटोनियो ही नावे आता आपल्या घरांना परकी राहिलेली नाहीत. अनेकांची मुले-नातवंडे तिथे आहेत. या दोन शहरांच्या पश्चिमेला एडवर्ड्‌स पठार सुरू होते. त्याच्या पूर्वेकडच्या, नद्या-ओढ्यांनी चिरलेल्या भागाला तिथले लोक ‘हिल कंट्री’ म्हणतात. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. त्यातल्या शंख-शिंपल्यांचा आणि चुन्याच्या चिखलाचा थरावर थर साचून हा खडक झाला. (आमच्या पेटीतले कॅल्केरिया कार्बोनिका शिंपल्यापासून करतात, द्रव्य तेच.) कठीण आणि मऊ थर आलटून पालटून असल्यामुळे डोंगर लांबून घाटाच्या पायऱ्यांसारखे दिसतात.

या जमिनीचे मर्म समजायला आपल्या काळ्या दगडाशी तुलना करावी लागेल. बेळगावपासून इंदूरपर्यंत पसरलेला आपला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. तो कुजतो, त्याचा मुरूम होतो आणि मुरमाची हळूहळू चिकणमाती होते. म्हणजे खडकाच्या द्रव्याचा मोठा भाग मातीच्या रूपाने मागे उरतो. चुनखडकाचे तसे नाही. पावसाचे पाणी हवेतला आणि मुळांनी सोडलेला कर्बवायू घेऊन किंचित आम्ल होते, त्यात चुना विरघळतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. खडीसाखरेचा खडा पाण्यात टाकला तर शेवटी हाती राहतो तो आतला दोरा. चुनखडकाचा ‘दोरा’ म्हणजे त्यात मुळात अडकलेली थोडी चिकणमाती, थोडे लोह, थोडी वाळू. खडक शंभरात पंच्याण्णव भाग शुद्ध असेल, तर मीटरभर खडक विरघळून संपल्यावर मागे राहणार सुमारे पाच सेंटिमीटर. आणि मीटरभर खडक विरघळायला हजारो वर्षे लागतात. आपल्याकडचा उजाड माळ दोन पिढ्या राखला तर मुरमावर पुन्हा काही तरी धरते. इथे वाहून गेलेली माती माणसाच्या हिशेबात परत येत नाही.

जी आहे ती मात्र वाईट नव्हे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. खोली बहुतेक उतारांवर दहा ते पन्नास सेंटिमीटर, त्यातही एक तृतीयांशाहून अधिक भाग खडी आणि धोंडे. पण जी माती आहे ती काळपट, रवाळ, गवताच्या मुळांनी भरलेली. चुना आणि कुजलेली पाने-मुळे यांचे सख्य जमते, त्यामुळे कण एकमेकांना धरून राहतात. उणीव आहे ती निराळी. चुन्यामुळे स्फुरद अडकून पडते, लोह मिळत नाही आणि नवख्या झाडांची कोवळी पाने पिवळी पडतात. वरची खडी पाहून नव्या जमीनमालकाला ती वेचून टाकावीशी वाटते. तसे करू नये. पावसाचा थेंब ती अंगावर झेलते आणि खालचा ओलावा झाकून ठेवते.

केर परगण्यात हॉल्स केव्ह नावाची एक गुहा आहे. तिच्या तळाशी साचलेल्या गाळात उंदीर-घुशींच्या वर्गातल्या, खोल बिळे करणाऱ्या प्राण्यांचे अवशेष सापडतात. आज त्या भागात त्यांना बीळ करण्याइतकी माती नाही. त्या गाळाच्या रासायनिक तपासणीवरून 2003 साली संशोधकांनी असे मांडले, की एके काळी इथे पुरुषभर खोल माती होती आणि सुमारे 21,000 ते 5,000 वर्षांपूर्वीच्या दीर्घ काळात ती धुऊन गेली. तेव्हा कुंपण नव्हते, बकरी नव्हती. हवामान पालटत गेले. थोडक्यात, गोरे वसाहतवाले आले तेव्हाच हा रोगी अंगाने रोडावलेला होता. त्यांनी जोम पाहिला तो गवताचा. खालची माती खणून पाहिली नाही.

मग 1880 च्या दशकात काटेरी तार आली. कुरणे बंदिस्त झाली आणि त्यांत गुरे, मेंढ्या, अंगोरा जातीच्या बकऱ्या पेलवणार नाहीत इतक्या भरल्या गेल्या. गुरे गवत खातात, मेंढी गवतातला पाला वेचते, बकरी झुडपे खाते. तिन्ही मिळून काही शिल्लक ठेवत नाहीत. उंच, झुबक्याने वाढणारी गवते गेली आणि जमिनीलगत पसरणारी खुरटी गवते आली. वरवर पाहणाऱ्याला दोन्ही हिरवीच. सोनोरा येथील सरकारी संशोधन केंद्रावर मोजमाप झाले, त्यात ओक झाडांच्या राईखाली पाणी सर्वांत जास्त मुरते, त्याखालोखाल झुबक्याच्या गवतात आणि खुरट्या गवतात सर्वांत कमी, असे आढळले.

पाणी मुरणे हा तिथे शेतकऱ्यापुरता प्रश्न नाही. खडकाच्या भेगांतून खाली गेलेले पाणी एडवर्ड्‌स भूजलसाठ्यात जाते आणि सॅन अँटोनियोसारखे महानगर मुख्यतः तेच पिते. न मुरलेले पाणी ओढ्यांतून भिंतीसारखे येते. 2025 च्या जुलैत ग्वाडालूप नदीच्या पुरात शंभराहून अधिक माणसे गेली, त्यांत उन्हाळी शिबिराला आलेल्या लहान मुली होत्या. एवढा पाऊस एका रात्रीत पडला तर उत्तम गवतही तो पूर थांबवू शकत नाही. परंतु पातळ माती आणि खाली सलग खडक असलेल्या प्रदेशात नदी किती थोड्या अवधीत चढते, हे तिथे राहणाऱ्याने ध्यानात ठेवलेच पाहिजे.

आता जुनिपरकडे येतो. सुरूसारखे दिसणारे हे सदाहरित झाड. तिथले लोक त्याला सीडर म्हणतात आणि मनापासून द्वेष करतात. पूर्वी वणवे त्याची रोपे जाळत. चराईने गवत संपले, वणव्याला जळण उरले नाही आणि जुनिपर डोंगरभर पसरला. ‘तो पाणी पितो, म्हणून झरे आटले,’ हे तिथे सर्वतोमुखी आहे. याला आधारही आहे. डेव्हिड बॅम्बर्गर या गृहस्थांनी 1969 साली ब्लँको परगण्यात उजाड जमीन घेतली, जुनिपर तोडले, देशी गवत पेरले आणि झरे वाहू लागले. पण 2010 साली विलकॉक्स आणि हुआंग या संशोधकांनी पठारावरच्या नद्यांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा उलटेच दिसले. जुनिपर वाढत असतानाच्या काळात नद्यांना झऱ्यांतून मिळणारे पाणी सुमारे दुप्पट झाले होते. त्यांचे स्पष्टीकरण असे, की त्याच काळात जनावरांची संख्या उतरली आणि तुडवलेली जमीन पुन्हा पाणी घेऊ लागली.

माझ्या मते या दोन गोष्टींत विरोध नाही. बॅम्बर्गर यांनी झाड तोडले एवढेच लोक सांगतात. त्यांनी गवत आणले, हे निम्मे राहून जाते. जुनिपर हे लक्षण आहे. लक्षण दाबून रोग तसाच ठेवला तर काय होते, ते वैद्यकाच्या कोणत्याही शाखेचा माणूस सांगेल. उतारावरचे जुनिपर यंत्राने उपटून माती उघडी टाकली, तर पुढच्या वळवात ती जाते. शिवाय म्हाताऱ्या जुनिपरच्या सालीच्या धाग्यांनी घरटे बांधणारा सोनेरी गालांचा एक छोटा पक्षी जगात फक्त याच प्रदेशात वीण करतो.

इलाजांत मला सर्वांत पटलेला सोनोराच्या लिओ मेरिल यांचा. 1949 मध्ये तिथे सुरू झालेल्या या पद्धतीत कुरणे चार, कळप तीन. प्रत्येक कुरण बारा महिने चरायचे आणि चार महिने मोकळे सोडायचे. चार वर्षांत प्रत्येक कुरणाला प्रत्येक ऋतूत एकदा विसावा मिळतो. औषध नाही, यंत्र नाही, फक्त पाळी. मात्र जनावरे मुळातच जास्त असतील तर पाळी लावूनही उपयोग नाही. ‘अर्धे खाऊ द्या, अर्धे राखा’ हा तिथल्या पशुपालकांचा नियम आहे आणि दुष्काळात तो पाळणे फार जड जाते.

उरलेल्या दोन इलाजांपाशी मी अडतो. एक, ठरवून लावलेली आग. दुसरा, हरणांची शिकार. लांडगे संपल्यामुळे हरणे अतोनात वाढली आहेत आणि ओकचे रोप वर येऊ देत नाहीत. त्यात 1930 च्या दशकात हौसेने आणून सोडलेली आपली चितळे आणि काळविटेही आहेत! माझ्या धर्मात मातीसुद्धा पृथ्वीकाय जीव मानली आहे. आग लावा, हरणे मारा हे माझ्या तोंडून निघणार नाही. पण हरणे उपासमारीने मरतात तेही तिथेच, हे मी नाकारत नाही. कळप मात्र माणसाने भरले होते आणि ते कमी करायला बंदूक लागत नाही.

तिकडे जाणे झाले तर सॅन अँटोनियोहून कर्व्हिलकडे जाणाऱ्या दहा क्रमांकाच्या महामार्गावर खिडकीजवळ बसावे. रस्त्यासाठी डोंगर कापले आहेत. दोन्ही बाजूंना पांढरट-पिवळ्या खडकाची उंच भिंत दिसते, तिच्या अगदी माथ्यावर बोटभर जाडीची वाटावी अशी काळी रेघ आणि भेगांतून खाली उतरलेली मुळे. तिथल्या गुहांत ओकची मुळे वीस मीटरहून खोल सापडली आहेत. झाडाला पाणी त्या भेगांतून मिळते. गवताला मात्र ती काळी रेघच पुरवावी लागते.