गावाची एक ओळ

जिल्हा जनगणना पुस्तिकेत प्रत्येक गावाच्या वाट्याला एक ओळ येते. आडवी, लांबलचक. क्षेत्रफळ, घरं, माणसं, शाळा, दवाखाना, आणि बऱ्याच रकान्यांनंतर बस. गावात किती लोक राहतात आणि त्यांना बाहेर पडायला काय मिळतं, हे त्या ओळीत असतं. फक्त ते कसं भरलं गेलं हे माहीत हवं.

पहिली गोष्ट, हे गाव महसुली असतं, म्हणजे नकाशावर शीव आखलेलं. कोकणातल्या वाड्या, पालघरचे पाडे, मराठवाड्यातले तांडे त्या शिवेच्या पोटात जातात आणि सगळ्यांचा मिळून एकच आकडा छापतात. गावठाण डांबरी रस्त्याला लागून आणि धनगरवाडा वर पठारावर असला, तरी ओळ एकच. काही गावांत तर माणूसच राहत नाही. महसुली भाषेत त्यांना बेचिराग म्हणतात, म्हणजे जिथे दिवाही लागत नाही असं गाव. त्यांनाही क्रमांक असतोच.

आता माणसं. २०११ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली आणि आकडा १ मार्चच्या पहिल्या क्षणाचा धरला. नियम असा, की त्या वीस दिवसांत माणूस थोडे दिवस जरी घरी असला, तर घरीच मोजायचा. पूर्ण काळ बाहेर असला, तर जिथे सापडेल तिथे. वाचायला सोपा नियम आहे. पण बीडकडचे कोयते, म्हणजे ऊसतोड मजूर, दिवाळीच्या सुमारास निघतात आणि फेब्रुवारीत पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या फडात असतात. नियमाप्रमाणे ती माणसं कारखान्याच्या परिसरातल्या गावाच्या खात्यात जायची, आणि त्यांच्या तांड्यावर मोजायला म्हातारी माणसं उरायची.

दळणवळणाच्या रकान्यांत आधी ‘आहे’ किंवा ‘नाही’. ‘नाही’ असेल तर जवळची सोय किती लांब, त्याची अक्षरं: पाच किलोमीटरच्या आत ‘ए’, पाच ते दहा ‘बी’, दहाच्या पुढे ‘सी’. फाट्यापासून चार किलोमीटरची खडी चढण असली तरी ‘ए’च. ‘आहे’ तर त्याहून फसवं. दर अर्ध्या तासाला एसटी येते तिथेही ‘आहे’, आणि जिथे एकच मुक्कामी गाडी येते तिथेही ‘आहे’. ती दिवस मावळता येते, चालक-वाहक गावातच झोपतात, पहाटे ती तालुक्याला निघते. दुपारी कुणाला कळा सुरू झाल्या तर वडापची, म्हणजे शेअर भाड्याची, जीप शोधायची. टॅक्सीला वेगळा रकाना आहे, पण वडापची गाडी भरल्याशिवाय हलत नाही हे कुठल्याच रकान्यात मावत नाही. जलमार्गालाही रकाना आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी, तापोळ्याकडे, लाँचवर अवलंबून असलेली गावं अजून आहेत.

माणसांचा आकडा आणि दळणवळणाची नोंद एकमेकांना भेटतात ते रस्ता मंजूर होताना. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने शहाणपणाने गावाऐवजी वस्ती हे एकक धरलं. सपाटीवर ५०० लोकवस्ती, डोंगरी आणि आदिवासी भागात २५०, असा उंबरठा ठेवला. सपाटीवर ५०० मीटरच्या टापूतल्या वस्त्यांची माणसं एकत्र धरता येतात, डोंगरात दीड किलोमीटरच्या वाटेपर्यंतची. तरीही ४८० वर अडकलेला तांडा रांगेबाहेर राहतो. वीस माणसं फडात होती की मुळातच नव्हती, हे कुणी विचारत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या योजनेच्या चौथ्या टप्प्याने आधाराला २०११चीच लोकसंख्या घेतली आहे. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ ठरला आहे, म्हणजे पुन्हा ऐन गाळपाच्या हंगामातला.