विजेरीतील घटांचा अकारण क्षय व त्याचे निवारण

विजेरीचा उपयोग क्वचित होतो. परंतु गरज पडेल तेव्हा ती तत्काळ पेटणे अत्यावश्यक असते. रात्रीच्या वीजपुरवठ्यामुळे अंधारात पिकाला पाणी देण्यास निघालेल्या शेतकऱ्याला बांधावरील साप वेळीच दिसणे तिच्यावरच अवलंबून असते. म्हणून न वापरताही विजेरीतील घट क्षीण का होतात, हे पाहणे अगत्याचे आहे.

या क्षयाचे मार्ग तीन. पिशवीत बटण नकळत दाबले जाऊन दिवा जळत राहणे, हा पहिला. दुसरा मार्ग सहसा लक्षात येत नाही. अनेक आधुनिक विजेऱ्यांतील इलेक्ट्रॉनिक खटका दिवा बंद असतानाही अल्प प्रवाह घेत असतो. समजा, हा प्रवाह १ मिलिअँपिअर आहे. तर २,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेचे पेन्सिल सेल सुमारे ८३ दिवसांत रिकामे होतील. तिसरा मार्ग म्हणजे घटातील अंतर्गत रासायनिक क्रिया. ती पूर्णपणे थांबविता येत नाही. मात्र उष्णतेने ती वाढते.

क्षीण घटापासून दुसरेही अनिष्ट संभवते. कार्ल गासनर याने १८८६ मध्ये शुष्क रूप दिलेल्या जस्त-कर्ब घटात जस्ताचे पात्र हेच ऋणाग्र असते. ते झिजून त्यास छिद्रे पडली, की आतील क्षारयुक्त द्रव बाहेर येतो. अल्कलाइन घट अतिक्षीण झाल्यास आत हायड्रोजन साचतो व त्याच्या दाबाने झाकण उलून पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे दाहक द्रावण पाझरते. दोन्ही प्रकारांत स्प्रिंगा गंजतात व विजेरी निकामी होते. नवे व जुने घट एकत्र घातल्यास दुर्बळ घट आधी रिकामा होतो आणि उरलेले त्यातून बळेच प्रवाह नेतात; त्यामुळे पाझराचा धोका वाढतो.

यावर उपाय साधे आहेत. विजेरी दीर्घकाळ ठेवावयाची असल्यास घट काढून तिच्याजवळच, कोरड्या व थंड जागी ठेवावेत. मात्र नाणी वा किल्ल्यांसोबत ठेवू नयेत, कारण त्यांच्या स्पर्शाने घटांची अग्रे जोडली जाऊ शकतात. विजेरी हाताशीच हवी असेल, तर घट व स्प्रिंग यांमध्ये जाड कागदाचा तुकडा सरकवावा. प्रवाह खंडित होतो आणि प्रसंगी तो क्षणात काढता येतो. काही जण एक घट उलटा घालून ठेवतात. परंतु त्यामुळे एका घटातून उलट प्रवाह जाण्याचा संभव असल्याने ती पद्धत टाळणेच इष्ट. घट बदलताना सर्व एकदम व एकाच जातीचे घालावेत.

पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर दर महिन्यास विजेरी उघडून पाहिल्यास अंधारात फसगत होण्याचा संभव बराच कमी होईल.