इंग्रजीच्या डॉक्टरेटची अमेरिकी वाट : सहा दशकांचा मागोवा

परदेशी विद्यार्थ्याने अमेरिकेत इंग्रजी साहित्याची डॉक्टरेट करायची, तर प्रवेश मिळणे आणि खर्चाची सोय होणे या तिथे पहिल्यापासूनच दोन निराळ्या गोष्टी ठरल्या. कोलकात्याहून 1961 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात गेलेल्या साहित्य-समीक्षक गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांना इंग्रजी विभागाकडून अर्थसाहाय्य मिळू शकले नाही, म्हणून त्या तौलनिक साहित्याच्या नव्या अभ्यासक्रमाकडे वळल्या. प्रवेशाच्या वाटेत 1964 पासून टोफेल, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांची भाषापरीक्षा, सुरू झाली. ज्याने एम.ए.ला मिल्टन अभ्यासला आणि पुढे वर्गात शिकवलाही, त्याला आपल्याला इंग्रजी येते हे दाखवण्यासाठी पुन्हा परीक्षेला बसावे लागणे, यातला विनोद अनेक विद्यापीठांच्या अजूनही लक्षात आलेला नाही.

जीआरई या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेतली इंग्रजी साहित्याची विषय-परीक्षा हा दुसरा अडसर मानला जाई. 2 तास 50 मिनिटांत सुमारे 230 बहुपर्यायी प्रश्न, तेही कागदावर आणि वर्षातून जेमतेम तीनदा, असे तिचे स्वरूप होते. पाठांतराची परीक्षा म्हणून तिच्यावर टीका झाली आणि ती रास्तही होती. मात्र चॉसरपासून एलियटपर्यंतचा ब्रिटिश क्रम घोटून घेणाऱ्या भारतीय एम.ए.च्या विद्यार्थ्याला ती तितकीशी परकी नव्हती, हे सहसा कोणी बोलून दाखवत नाही. एप्रिल 2021 नंतर ही परीक्षा बंद झाली आणि त्याच सुमारास अनेक इंग्रजी विभागांनी सर्वसाधारण जीआरईचीही अट काढून टाकली.

जीआरईच्या परीक्षा गेल्या आणि त्यांचे वजन लेखनावर आले. अर्जासोबत संशोधनाची दिशा सांगणारे उद्देशपत्र, तीन शिफारसपत्रे आणि लेखननमुना, म्हणजे साधारण 15 ते 25 पानांचा, एकच युक्तिवाद शेवटपर्यंत नेणारा निबंध, द्यावा लागतो. भारतीय विद्यार्थ्याची खरी अडचण इथेच होते, कारण आपल्याकडील बहुतेक विद्यापीठांत एम.ए.चा निकाल मुख्यतः तीन तासांच्या उत्तरपत्रिकेवर लागत आला आणि ‘सविस्तर चर्चा करा’ या आज्ञेखाली लिहिलेल्या उत्तरांतून असा निबंध तयार होत नाही. एम.फिल.च्या प्रबंधिकेतले एखादे प्रकरण ही उणीव भरून काढू शके. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एम.फिल. पदवीच रद्द ठरवली, तेव्हा तोही आधार सुटला. तुलनेने गुणपत्रके सीलबंद लिफाफ्यात घालून, चिकटवलेल्या कडेवर विद्यापीठाचा शिक्का आडवा उमटवून घेण्याची जुनी यातायात बरीच हलकी झाली, कारण सुरुवातीला आता स्कॅन केलेली प्रत बहुधा पुरते.

अडसर कमी होत असताना जागाही आटत गेल्या. मॉडर्न लँग्वेज असोसिएशन या भाषा-साहित्याच्या अध्यापकांच्या संघटनेच्या नोकऱ्यांच्या यादीत 2007-08 मध्ये इंग्रजीच्या अध्यापनपदांच्या अठराशेहून अधिक जाहिराती होत्या. दहा वर्षांत त्या निम्म्याहून कमी झाल्या, आणि पदवीनंतर नोकरी नसेल तर विद्यार्थी किती घ्यावेत, हा प्रश्न विभागांना टाळता येईना. शिकागो विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाने 2020-21 च्या प्रवेशफेरीत केवळ कृष्णवर्णीय-अभ्यासात काम करू इच्छिणाऱ्यांनाच घेण्याचे ठरवले, तर बोस्टन विद्यापीठाने 2025-26 साठी इंग्रजीसह मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांतील अनेक विषयांचे पीएच.डी. प्रवेश थांबवले. ज्यांना जागा मिळते त्यांना बहुधा शुल्कमाफी आणि काही वर्षांचे विद्यावेतन मिळते, आणि त्याबदल्यात ते अमेरिकी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना इंग्रजी निबंधलेखन शिकवतात. म्हणजे टोफेल देऊन आलेला विद्यार्थी वर्षभरात ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांचीच वाक्ये तपासू लागलेला असतो.

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकी सरकारने आणखी एक प्रस्ताव मांडला : अभ्यासक्रम चालू असेतोवर राहण्याची मुभा काढून विद्यार्थ्यांच्या वास्तव्याला कमाल चार वर्षांची मुदत घालावी आणि पुढे मुदतवाढीसाठी सरकारकडे अर्ज करायला लावावा. इंग्रजीच्या पीएच.डी.ला सहा-सात वर्षे सहज लागतात, त्यामुळे हा नियम झाल्यास तो अर्ज नेमका प्रबंधाची पहिली प्रकरणे लिहिली जात असताना करावा लागेल.