सिकलसेल आणि ‘कॅन्सरची गोळी’

भेस्तान परिसरात नवापूर-नंदुरबारकडून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांपैकी काही घरांत सिकलसेल आहे, आणि डॉक्टरांनी दिलेल्या हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल फळीवर तशाच पडून राहतात. “ही तर कॅन्सरची गोळी. आमच्या पोराला कॅन्सर कुठे आहे?” असे आम्हांस विचारले जाते. म्हणून हा खुलासा.

निरोगी तांबडी पेशी गोल व लवचिक असते. सिकलसेलमध्ये ती विळ्यासारखी वाकते व ताठ होते. चारीत काडीकचरा अडकून पाणी तुंबावे, तसे बारीक नसांत रक्त अडते आणि हाडे फुटल्यासारखी दुखतात. पाणी न पिता उन्हात ऊस तोडणे, भातलावणीला तासन्‌तास थंड चिखलात उभे राहणे, यांनी दुखणे उसळते.

हे औषध १८६९ साली जर्मनीत प्रथम तयार झाले. पुढे रक्ताच्या कॅन्सरवर ते वापरू लागले, आजही वापरतात. त्यात लपविण्यासारखे काही नाही. पण मूल आईच्या उदरात असताना त्याच्या रक्तात एक वेगळे हिमोग्लोबिन असते. ते पेशीला वाकू देत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत ते कमी होते. ही गोळी त्याचे प्रमाण पुन्हा वाढविते. १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोठ्या माणसांच्या दुखण्याचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. रोग मात्र मुळासकट जात नाही, आणि गुण दिसायला काही महिने लागतात. पंधरा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून गोळी सोडणाऱ्यांनी पेरणीनंतर आठवड्याने शेत नांगरून टाकले असे समजावे.

गोळी वजनाप्रमाणे ठरते. एका भावाची दुसऱ्याला देऊ नये. तिने पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून ठरलेल्या तारखेला रक्त तपासलेच पाहिजे. गावी लग्नाला किंवा पेरणीला जायचे असेल तर गोळ्या व तपासणीचा कागद बरोबर न्यावा. नखे काळसर होतात, त्याला भिऊ नये. नुसते वाहक असलेल्यांना ही गोळी लागत नाही. पण पती-पत्नी दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्न ठरविण्याआधी दोघांचे रक्त तपासून घ्या, असे आम्ही आईवडिलांना सांगतो. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. त्याखाली सरकारी केंद्रांत ही तपासणी होते.

गोळी घेणाऱ्या स्त्रीला वा पुरुषालाही मूल हवे असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावे. गरोदरपणात ती चालत नाही. घरातील गरोदर बाईने कॅप्सूल हाताळू नये, कोणीही ती फोडून पाण्यात कालवू नये. आणि गोळी चालू असताना ताप आला तर रविवारच्या मिस्सेपर्यंतही थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.