नवी आवृत्ती, जुना शब्द

आजच्या विषयाचे नाव वाचून काही मंडळींना नवल वाटले असेल. कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्याने अमेरिकेतल्या एका खेळावर व्याख्यान का द्यावे? आमचे उत्तर साधे आहे. नियम, करार आणि दिलेला शब्द यांच्याशी आमचा तीस वर्षांचा संबंध आहे आणि हा प्रश्न त्याच जातीचा आहे. तो आम्हांला आमच्या भाच्याने घातला. एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पुढे ठेवून तो म्हणाला, "मामा, कंपनी म्हणते जुनी पुस्तकं चालतील आणि तीच कंपनी म्हणते नवी घ्या. यातलं खरं काय?"

प्रथम खेळ समजून घेऊ. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचला व तो १९७४ साली प्रसिद्ध झाला. यात पट नसला तरी चालतो, सोंगट्या नसल्या तरी अडत नाही. चारपाच माणसे टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. तो गावे, गुहा, राक्षस यांचे वर्णन करतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर होतात आणि आपण काय करणार ते सांगतात. वार लागला की चुकला, हे वीस बाजूंच्या फाशाने ठरते. सर्वांनी मिळून एक गोष्ट रचायची. ती कधी कधी वर्षानुवर्षे चालते.

या गोष्टीला शिस्त राहावी म्हणून नियमांची पुस्तके आहेत. मुख्य तीन: खेळाडूंचे, सूत्रधाराचे आणि राक्षसांचे. येथे 'आवृत्ती' या शब्दाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. एरवी पुस्तकाची दुसरी आवृत्ती म्हणजे छपाईच्या चुका दुरुस्त झाल्या, फार तर एखादे प्रकरण वाढले. या खेळात आवृत्ती बदलणे म्हणजे संस्थेची घटना बदलणे होय. पाचांपैकी दोघे नव्या नियमांवर गेले आणि तिघे जुन्यावर राहिले, तर मंडळच मोडते. म्हणून हा एकट्या गिऱ्हाइकाचा व्यवहार नव्हे.

विक्रेत्याची अडचणही खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. साबण झिजतो, नियमांचे पुस्तक वीस वर्षे टिकते. धंदा चालायचा तर केव्हा तरी नवी आवृत्ती काढावीच लागते. पण ती येणार असे सांगताच जुन्या मालाला गिऱ्हाईक मिळेनासे होते. मग नवख्याला सांगायचे, 'सारे नवे आणि सोपे आहे.' जुन्याला सांगायचे, 'काही बदलले नाही, घाबरू नका.' एकेक वाक्य सुटे घेतले तर खोटे म्हणता येत नाही. दोन्ही एकाच माणसाच्या कानी पडली की मात्र विश्वास उडतो.

आता इतिहास पाहू. मूळ कंपनी 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने १९९७ साली विकत घेतली, आणि १९९९ साली तिला 'हॅस्ब्रो'ने घेतले. २००० साली तिसरी आवृत्ती निघाली. सोबत एक खुला परवाना दिला गेला. त्याच्या आधारे लहान प्रकाशकही या नियमांवर आपली पुस्तके छापू लागले व त्यावर अनेकांची पोटे भरू लागली. तीनच वर्षांनी, २००३ साली, 'साडेतीन' आवृत्ती आली. हा आकडाच बोलका आहे. पूर्ण नवी म्हणावी तर जुने गिऱ्हाईक रागावते, जुनीच म्हणावी तर कोणी घेत नाही.

चौथी आवृत्ती ऑगस्ट २००७ मध्ये जाहीर झाली, पुस्तके जून २००८ मध्ये आली. जाहिरातीत खेळ तोच असल्याचे सांगितले गेले आणि त्याच जाहिरातीत जुन्या नियमांच्या किचकटपणाची थट्टाही होती. त्या नियमांत ज्यांची तरुणपणाची वर्षे गेली, त्यांना हे झोंबले. प्रकाशकांसाठीचा नवा परवानाही आवळलेला होता. तेव्हा 'पायझो' या प्रकाशन संस्थेने जुन्या खुल्या परवान्याच्या आधारेच २००९ साली 'पाथफाइंडर' हा खेळ काढला. ज्याला जुने म्हणून हिणवले, तेच शेजारच्या दुकानात प्रतिस्पर्धी होऊन बसले.

पाचवी आवृत्ती २०१४ साली आली. तिचे कच्चे नियम आधी लोकांना खेळायला दिले होते आणि ती चांगली रुजली. ऑगस्ट २०२२ मध्ये पुढील बदल जाहीर झाला तेव्हा नव्याचा जुन्याशी मेळ राहील, असे आश्वासन होते. पण जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. त्यात २००० सालच्या परवान्याची अधिकृतता काढून घेण्याची भाषा होती. जुन्या परवान्यात 'कोणतीही अधिकृत आवृत्ती वापरावी' असे म्हटले होते आणि त्या एका 'अधिकृत' शब्दावर सारा वाद पेटला. करार वाचताना एकेका शब्दापाशी का थांबावे, हे आम्ही कामगारांना नेहमी सांगतो. त्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. खेळाडूंनी कंपनीच्या संगणकीय सेवेची वर्गणी बंद केली. कंपनीने मते मागवली, ती पंधरा हजारांवर आली. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियम 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या, परत न घेता येणाऱ्या परवान्याखाली ठेवले.

एवढ्यावर हे संपले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये खेळाडूंचे नवे पुस्तक आले, तेही पाचव्याच आवृत्तीच्या नावाने. त्याआधी ऑगस्टमध्ये त्याच सेवेने जाहीर केले की खेळाडूंच्या पात्रपत्रिकांवरील जुने मंत्र जाऊन तेथे नवे येतील. लोक म्हणाले, जुने चालेल असे तुम्हीच सांगितले होते! थोड्याच दिवसांत तोही निर्णय फिरला.

आमच्या तरुणपणी एका कारखान्यात नवी कामपद्धती आली. फाटकावरच्या फलकावर लिहिले होते, 'सध्याच्या अटींत बदल नाही.' आत प्रशिक्षणाच्या खोलीत सांगत होते, 'जुने सारे विसरा.' दोन्ही कागदांवर सही एकच. पहिल्या पगाराला पाळीभत्ता कमी आला, तेव्हा कोणता कागद खरा ते कळले. त्या दिवसापासून वरिष्ठांच्या चांगल्या सूचनेवरही कोणी विश्वास ठेवीना. नुकसान पैशांचे झालेच, पण ते भरून निघाले. विश्वासाचे भरून निघाले नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. नियम बदलणाऱ्याने चार गोष्टी एकाच कागदावर, सर्वांना एकाच भाषेत सांगाव्यात: काय राहणार, काय जाणार, जुने कुठवर चालणार आणि बदलाचा खर्च कोणी सोसायचा. विक्री थोडी घटेल, पण पुढच्या आवृत्तीच्या वेळी लोक ऐकून तरी घेतील.

भाच्याला आम्ही सांगितले, "जुनं पुस्तक टाकू नकोस. रविवारी पाचही जण बसा आणि कोणत्या नियमांनी खेळायचं ते तुम्हीच ठरवा. कंपनी पुस्तक विकते, टेबल तुमचं आहे." पुढच्या रविवारी त्यांनी तसेच केले. जुन्या नियमांवर खेळायचे ठरले, तीन विरुद्ध दोन मतांनी. हरलेले दोघेही खेळायला बसले, याचा आम्हांला विशेष आनंद झाला.