बाळाच्या डब्यावरचा खर्च खरंच लागतो का?

बाळाच्या खर्चात काटकसर करायची, तर सुरुवात तयार सिरीयलच्या डब्यापासून करावी. पहिले सहा महिने आईचं दूध पुरतं. पुढे वरच्या जेवणाला लागणारं सामान गोंदियात घरचंच असतं: बांधीतला तांदूळ, धुऱ्यावरची तूर. तांदूळ आणि मूगडाळ भाजून दळून ठेवली की पेज पाच मिनिटांत होते. वरून चमचाभर तेल किंवा तूप, आणि वर्षापर्यंत मीठ-साखर नाही.

यावर कुणी म्हणेल, डब्यात लोह घातलेलं असतं. मुद्दा रास्त आहे, नुसत्या भातात लोह कमीच. पण सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं सिरप सरकारी योजनेतून मोफत आहे, आशाताईंना विचारा. (सिकलसेल असेल तर आधी डॉक्टरांना.) अंगणवाडीचा घरपोच आहार आहे, देवरी-सालेकसासारख्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेची अंडी किंवा केळी आहेत. आणि १९९२ च्या कायद्याने दोन वर्षांखालील बाळांच्या अशा डब्यांची जाहिरातच बंद आहे, हे किती जणांना ठाऊक असतं? डॉक्टरांनी पावडरचं दूध सांगितलंच, तर मात्र पैसे वाचवायला ते पातळ करू नका.