बुफेतल्या बटाट्याला 'केजन' नाव कुठून आलं? लुईझियानाला गेलात तर हे पदार्थ खाऊनच या

बार्बेक्यू बुफेत बसलं की पहिल्या पाच मिनिटांत टेबलावर एक प्लेट येते. दाबून तळलेले छोटे बटाटे आणि वरून नारिंगी झाक असलेला मेयोनिजचा सॉस. नाव, केजन पोटॅटो. पहिली प्लेट संपायच्या आत दुसरी मागवलेली असते.

गंमत म्हणजे ज्या केजन लोकांच्या नावाने हे बटाटे खपतात, त्यांच्या पारंपरिक जेवणात हा पदार्थच नाही. हो, केजन हे एका समाजाचं नाव आहे. अमेरिकेच्या दक्षिणेला, लुईझियाना राज्यात हा समाज राहतो. मेनूकार्डवर त्याच्या शेजारी कायम दिसणारा दुसरा शब्द म्हणजे क्रिओल. दोन्ही एकच वाटतात, पण दोघांची गोष्ट वेगळी आहे.

केजन कोण आणि क्रिओल कोण?

आज कॅनडात असलेल्या नोव्हा स्कॉशिया भागात पूर्वी अकेडिया नावाची फ्रेंच वसाहत होती. पुढे तिथे ब्रिटिशांचं राज्य आलं. त्यांनी तिथल्या शेतकऱ्यांना सांगितलं, आमच्या राजाशी बिनशर्त निष्ठेची शपथ घ्या. शेतकऱ्यांनी नकार दिला. १७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांना जहाजात भरून हद्दपार करायला सुरुवात केली. घरं जाळली, कुटुंबं तुटली, हजारो लोक वाटेत आणि परक्या मुलखात मेले. जे उरले त्यांच्यातले काही १७६० च्या दशकात लुईझियानाच्या दलदलीच्या भागात येऊन वसले. 'अकेडियन' या शब्दाचा अपभ्रंश होत होत 'केजन' झाला.

क्रिओल जेवण घडलं ते न्यू ऑर्लिन्स शहरात. फ्रेंचांनी हे शहर १७१८ मध्ये वसवलं. पुढच्याच वर्षी आफ्रिकेतून गुलाम माणसांना घेऊन पहिली जहाजं आली. नंतर काही दशकं स्पॅनिश राजवट होती आणि १८०३ मध्ये अमेरिकेने हा सगळा प्रदेश फ्रान्सकडून विकत घेतला. श्रीमंतांच्या घरात पाककृती फ्रेंच किंवा स्पॅनिश म्हणवली जायची, पण चुलीपुढे बहुतेक वेळा आफ्रिकन बायका असायच्या. त्यांनी त्यात आपली भेंडी, आपला भात, आपली चव आणली. कौतुक मात्र बरीच वर्षं मालकांच्या देशांचं झालं.

ढोबळ ओळख अशी : क्रिओल म्हणजे शहरी जेवण, त्यात टोमॅटो आणि लोणी सापडतं. केजन म्हणजे गावाकडचं, एकाच मोठ्या भांड्यात शिजणारं, सहसा टोमॅटो नसलेलं. दोन्हींची सुरुवात मात्र सारखीच होते. कांदा, सेलरी आणि हिरवी ढोबळी मिरची. तिथले लोक या तिघांना 'होली ट्रिनिटी' म्हणतात.

आता काय काय खायचं ते बघू

गम्बो : भातावर घालून खायचा दाट रस्सा. बांटू भाषांमध्ये भेंडीला 'की न्गोम्बो' असा शब्द होता, त्यावरून हे नाव पडलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. आपण भेंडीचा चिकटपणा घालवायला धडपडतो, इथे रस्सा दाट व्हायला तोच हवा असतो. भेंडी नसेल तर चोक्टॉ या मूळ रहिवाशांनी दिलेली फिले, म्हणजे सॅसाफ्रास झाडाच्या वाळलेल्या पानांची पूड घालतात. पाया असतो 'रू'चा, म्हणजे तेलात भाजलेल्या मैद्याचा. लाडवाचं बेसन भाजताना जसं उलथणं सोडता येत नाही, तसंच याचंही. केजन घरात तो पार चॉकलेटी होईपर्यंत भाजतात.

न्यू ऑर्लिन्सचं डुकी चेसेस हे रेस्टॉरंट गम्बोसाठी प्रसिद्ध आहे. काळ्या आणि गोऱ्या लोकांनी एकत्र बसून जेवायला बंदी होती, त्या काळात नागरी हक्क चळवळीतले दोन्हीकडचे कार्यकर्ते याच्या वरच्या मजल्यावर बैठका घ्यायचे आणि लीआ चेस त्यांना गम्बो वाढायच्या. याच लीआबाईंनी पुढे बराक ओबामांनाही झापलं होतं, कारण त्यांनी गम्बोत हॉट सॉस ओतला !

जांबालाया : भात, सॉसेज, चिकन आणि कोळंबी एकत्र शिजवलेला पदार्थ. लाल दिसला तर क्रिओल, तपकिरी दिसला तर केजन. तपकिरी रंग भांड्याच्या तळाला खरपूस लागलेल्या मांसाचा असतो.

रेड बीन्स अँड राइस : राजमा-चावलचा लांबचा भाऊ म्हणा. न्यू ऑर्लिन्समध्ये हा सोमवारी खातात. सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस. रविवारच्या हॅमचं उरलेलं हाड आणि घेवडा चुलीवर चढवायचा आणि दिवसभर धुणं उरकायचं, अशी ती सोय होती.

क्रॉफिश एतुफे : क्रॉफिश दिसतो शेवंडीसारखा, पण असतो बोटाएवढा आणि राहतो गोड्या पाण्यात. लुईझियानात भाताच्या खाचरांतही तो वाढवतात. 'एतुफे' म्हणजे झाकण ठेवून मंद शिजवलेलं. यासाठी ब्रो ब्रिज हे केजन गाव गाठा. ताजा क्रॉफिश खायचा तर मार्च ते मे हे महिने उत्तम.

बूदाँ : डुकराचं मांस, भात आणि मसाला भरलेलं सॉसेज. लफाएट शहराच्या आसपास हे चक्क पेट्रोल पंपावरच्या दुकानात मिळतं आणि तिथलंच चांगलं असतं. आतला भाग तोंडाने ओढून खायचा, लाजायचं नाही.

पो-बॉय : लांब फ्रेंच पावात तळलेली कोळंबी किंवा कालवं. १९२९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ट्राम कामगारांनी संप केला. पूर्वी ट्रामवरच कंडक्टर असलेल्या मार्टिन बंधूंनी संपकऱ्यांना सँडविच फुकट दिले. 'आला बघा एक गरीब बिचारा' असं म्हणता म्हणता हे नाव पडलं, असं सांगतात.

बेन्ये आणि चिकोरी कॉफी : चौकोनी, फुगलेले, पिठीसाखरेत बुडालेले तळलेले तुकडे. सोबत चिकोरीची कॉफी. फिल्टर कॉफी पिणाऱ्यांना ही चव ओळखीची वाटेल.

आणि 'ब्लॅकन्ड फिश'? तो पारंपरिक नाही. शेफ पॉल प्रुडोम यांनी १९८० च्या दशकात तो गाजवला. त्याची इतकी लाट आली की रेडफिश मासाच कमी झाला आणि त्याच्या व्यावसायिक मासेमारीवर बंधनं घालावी लागली. 'केजन म्हणजे झणझणीत' हा समजही बराचसा त्याच लाटेतून जगभर पोहोचला.

जाण्याआधी हे लक्षात ठेवा

शाकाहारी असाल तर नावावर जाऊ नका. रेड बीन्समध्ये हॅम असतं आणि पालेभाज्यांच्या 'गम्बो झेर्ब'मध्येही बहुतेक वेळा मांस असतं. डुकराचं किंवा गायीचं मांस चालत नसेल तर ऑर्डर देण्याआधीच विचारा.

फक्त न्यू ऑर्लिन्स करून परत येऊ नका. केजन जेवणाचं घर लफाएटच्या बाजूला आहे, गाडीने साधारण अडीच तासांवर.

आणि कोळंबी मागवताना ती कुठली आहे हे जरूर विचारा. बाहेरून आलेल्या स्वस्त कोळंबीमुळे तिथल्या मच्छीमारांचं कंबरडं मोडलंय. म्हणून आयात केलेली कोळंबी किंवा क्रॉफिश वाढत असाल तर गिऱ्हाइकाला तसं कळवा, असा लुईझियानात रेस्टॉरंटसाठी कायदा आहे. तुमच्या एका प्रश्नाने तुम्हाला ताजी कोळंबी मिळेल आणि ती पकडणाऱ्याच्या घरातही चार पैसे जातील.